दप्तराची दुसरी प्रत आणि कालची प्रत : सर्व्हरवरील फाईलींचे संरक्षण

गावचे दप्तर सांभाळणाऱ्याला दोन प्रकारची काळजी असते. दप्तर जळाले, भिजले किंवा वाळवीने खाल्ले तर काय करावयाचे, ही पहिली काळजी. दप्तर शाबूत असूनही त्यातील नोंद कोणी चुकीने अथवा हेतुपुरस्सर बदलली, तर पूर्वीची नोंद काय होती हे कशावरून सांगावयाचे, ही दुसरी. पहिलीवर उपाय म्हणून नक्कल करून ती दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याची पद्धत पडली. दुसरीवर उपाय म्हणून फेरफाराची नोंदवही आली. महाराष्ट्रात व गुजरातेत सात-बाराचा उतारा जमिनीची आजची स्थिती दाखवितो, तर ती स्थिती कोणकोणत्या फेरफारांनी आली हे गाव नमुना ६ मध्ये पाहावयास मिळते. सात-बाराच्या दहा नकला काढल्या तरी फेरफाराच्या नोंदवहीचे काम त्या करू शकत नाहीत. कारण मूळ उताऱ्यात चूक असेल, तर ती दहाही नकलांत इमानाने उतरलेली असते.

कचेऱ्यांची व शाळांची पुष्कळशी कागदपत्रे आता सर्व्हरवर असतात. पत्रव्यवहार, लाभार्थ्यांच्या याद्या, स्कॅन केलेले जुने दाखले, परीक्षेचे गुणतक्ते, सभांची इतिवृत्ते अशा सर्व फाईली एका सामायिक फोल्डरात ठेवून दहा-वीस माणसे त्यांवर काम करतात. येथेही काळजीचे प्रकार तेच दोन आहेत, आणि उपायही तेच दोन आहेत. पहिल्या उपायास रेप्लिकेशन म्हणतात व दुसऱ्यास स्नॅपशॉट. या दोहोंची गल्लत फार होते. एक उपाय योजला म्हणजे दुसऱ्याची गरज उरली नाही, असा समज कित्येक कचेऱ्यांत असतो. हा समज धोक्याचा आहे.

रेप्लिकेशन म्हणजे काय

एका सर्व्हरवरील फोल्डराची तंतोतंत प्रत दुसऱ्या सर्व्हरवर आपोआप व सतत तयार होत राहणे, याला रेप्लिकेशन म्हणावे. विंडोज सर्व्हरवर २००० सालापासून या कामासाठी एक सेवा होती. ती समाधानकारक नव्हती. २००५ च्या अखेरीस आलेल्या विंडोज सर्व्हर २००३ आर-२ या आवृत्तीबरोबर डीएफएस रेप्लिकेशन नावाची नवी सेवा आली आणि पुढे तीच रूढ झाली. तिचे वैशिष्ट्य असे की, फाईलीत थोडा बदल झाला तर संपूर्ण फाईल न पाठविता केवळ बदललेला भाग ती पाठविते. तारेचा वेग कमी असलेल्या तालुक्याच्या कचेरीस याचा फार उपयोग होतो. लिनक्स व युनिक्स यंत्रांवर आरसिंक हा प्रोग्राम अशाच कल्पनेवर चालतो. तो अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला.

रेप्लिकेशन अत्यंत आज्ञाधारक असते, आणि त्याचा दोषही नेमका हाच. कारकुनाने सकाळी ११ वाजता एक यादी चुकून पुसली, तर पुसल्याची वार्ता काही क्षणांत दुसऱ्या सर्व्हरला पोचते व तेथीलही यादी नाहीशी होते. एखाद्या शिक्षिकेने इयत्ता सातवीच्या गुणतक्त्यावर सहावीचे गुण भरून फाईल जतन केली, तर दोन्ही ठिकाणी सहावीचेच गुण राहतात. सर्व्हर बंद पडणे, डिस्क बिघडणे, इमारतीत पाणी शिरणे या आपत्तींत रेप्लिकेशन उत्तम साथ देते. माणसाच्या हातून झालेल्या चुकीपुढे मात्र ते निरुपयोगीच नव्हे, तर त्या चुकीचे वाहन ठरते.

डीएफएस रेप्लिकेशनमध्ये पुसलेल्या व परस्परविरोधी बदलांत हरलेल्या फाईली एका लपलेल्या फोल्डरात काही काळ ठेवण्याची सोय आहे, हे खरे. परंतु त्या फोल्डरास आकाराची मर्यादा असते; आरंभीच्या आवृत्त्यांत ती ६६० मेगाबाइट होती. मर्यादा ओलांडत आली की जुन्या फाईली काढून टाकल्या जातात. शिवाय तेथे फाईलींची नावेही बदललेली असतात. या सोयीवर विसंबून कोणी निश्चिंत राहू नये.

दोन ठिकाणी दोन माणसांनी एकच फाईल उघडून बदलली, तर ज्याचा बदल शेवटी झाला तो टिकतो व दुसऱ्याचा बाजूस पडतो. एका सर्व्हरवर उघडलेली फाईल दुसऱ्या सर्व्हरवर कुलूपबंद होत नाही. म्हणून एकच फाईल दोन कचेऱ्यांनी एकाच वेळी लिहावयाची असेल, तर ही व्यवस्था त्या कामाची नव्हे. एका ठिकाणी लिहावे व इतरत्र वाचावे, हीच हिच्या उपयोगाची सुरक्षित रीत आहे.

स्नॅपशॉट : ठरलेल्या वेळेचे चित्र

डिस्कचा जो स्वतंत्र आखलेला भाग यंत्रास एक एकक म्हणून दिसतो, त्यास व्हॉल्यूम म्हणतात. ठरलेल्या क्षणी संपूर्ण व्हॉल्यूम कसा होता याचे जे चित्र राखून ठेवले जाते, तो स्नॅपशॉट. विंडोजमध्ये त्यास शॅडो कॉपी असे नाव आहे, आणि विंडोज सर्व्हर २००३ पासून सामायिक फोल्डरांसाठी ही सोय उपलब्ध झाली.

चित्र घेताना सर्व फाईलींची नक्कल केली जाते, असा सर्वसाधारण समज असतो. तसे असते तर दर चित्रागणिक डिस्क दुप्पट लागली असती. प्रत्यक्षातील युक्ती वेगळी आहे. समजा, एका जाड नोंदवहीवर काम चालू आहे आणि कारकुनास असा हुकूम आहे की, आजपासून कोणत्याही पानावर प्रथम खाडाखोड करण्यापूर्वी त्या पानाची नक्कल काढून ती वेगळ्या पुडक्यात ठेवावी. ज्या पानास कोणी हात लावला नाही, त्याची नक्कल काढण्याचे कारण नाही. पुढे आठवड्याने कोणी पूर्वीची नोंदवही पाहावयास मागितली, तर न बदललेली पाने वहीतून व बदललेली पाने पुडक्यातून घेऊन ती दाखविता येते. शॅडो कॉपीमध्ये ‘पान’ १६ किलोबाइटचे असते, एवढाच फरक.

या दृष्टान्तातूनच स्नॅपशॉटची मर्यादा ध्यानात येते. मूळ नोंदवहीच जळाली, तर पुडक्यातील सुटी पाने जोडून नोंदवही तयार होणार नाही. स्नॅपशॉट मूळ डिस्कवर अवलंबून असतो. डिस्क गेली की तोही गेला. म्हणजे रेप्लिकेशन जेथे कमी पडते तेथे स्नॅपशॉट कामास येतो, आणि स्नॅपशॉट जेथे कोलमडतो तेथे रेप्लिकेशन उभे असते. दोन्ही एकत्र योजावयाची ती याच कारणास्तव.

पुडक्यासाठी जागा किती लागेल, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. विंडोज सर्व्हर सामान्यतः व्हॉल्यूमच्या १० टक्के जागा याकरिता धरतो. ५०० गिगाबाइटच्या व्हॉल्यूमवर ५० गिगाबाइट जागा मिळाली आणि रोज सुमारे ५ गिगाबाइट मजकूर बदलत असला, तर ढोबळमानाने दहा दिवसांचा पूर्वेतिहास राहील. एका व्हॉल्यूमवर सामायिक फोल्डरांकरिता जास्तीत जास्त ६४ चित्रे ठेवता येतात. मूळ वेळापत्रकाप्रमाणे सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ वाजता व दुपारी १२ वाजता चित्र घेतले जाते, म्हणजे आठवड्यास १०. जागा पुरेशी असल्यास सहा आठवड्यांहून थोडा अधिक काळ मागे जाता येईल. ज्या कचेरीत शनिवारीही काम चालते तिने हे वेळापत्रक स्वतः बदलून घेतले पाहिजे. जागा भरली किंवा संख्या संपली की सर्वांत जुने चित्र कोणासही न विचारता काढून टाकले जाते. वर्षाअखेरीस तपासणी अधिकारी एप्रिलमधील यादी मागतील तेव्हा स्नॅपशॉट उपयोगी पडणार नाही, हे लेखाशाखेने आधीच जाणून असावे.

येथे एक बारकावा सांगणे इष्ट आहे. डिस्कवरील विखुरलेले तुकडे एकत्र लावण्याची जी डीफ्रॅगमेंटेशन नावाची क्रिया आहे, तिच्यामुळे मजकूर न बदलताही ‘पाने’ हलतात. व्हॉल्यूमचे मूळ एकक १६ किलोबाइटहून लहान असेल, तर ही हालचाल बदल म्हणूनच धरली जाते व पुडके अकारण फुगून जुनी चित्रे नाहीशी होतात. विंडोजमधील नेहमीचे एकक ४ किलोबाइटचे असते. म्हणून ज्या व्हॉल्यूमवर दोन्ही गोष्टी करावयाच्या, तो प्रथम आखतानाच १६ किलोबाइटचे एकक निवडावे. फाईली भरल्यानंतर हा निर्णय बदलावयाचा म्हणजे सर्व दप्तर हलविणे आले.

दोन्ही एकत्र चालविताना

रेप्लिकेशनमधून फाईली दुसरीकडे जातात. स्नॅपशॉट जात नाहीत. ही गोष्ट अनेकांस ठाऊक नसते. प्रत्येक सर्व्हरची चित्रे त्याची त्याचीच असतात व प्रत्येकावर त्यांची व्यवस्था स्वतंत्रपणे करावी लागते. जिल्ह्याच्या सर्व्हरवर चित्रे घेण्याची सोय केली आणि तालुक्याच्या सर्व्हरवर ती राहून गेली, तर जिल्ह्याचा सर्व्हर बंद पडेल त्या दिवशी फाईली सर्व मिळतील, पण त्यांचा पूर्वेतिहास मिळणार नाही.

याचाच दुसरा परिणाम वापरणाऱ्यांस गोंधळात टाकतो. दोन्ही सर्व्हर एकाच सामायिक नावामागे असतील, तर वापरणाऱ्याचा संगणक त्यांपैकी एकाशी जोडलेला असतो. फाईलीच्या गुणधर्मांत ‘पूर्वीच्या आवृत्त्या’ पाहिल्या असता त्या सर्व्हरवरील चित्रेच दिसतात. उद्या संगणक दुसऱ्या सर्व्हरशी जोडला गेला, तर यादी निराळी दिसते आणि ‘कालपर्यंत होत्या त्या आवृत्त्या गेल्या’ अशी तक्रार येते. त्या गेलेल्या नसतात. पहिल्या सर्व्हरवर थेट जाऊन पाहिल्यास सापडतात. या स्थितीचा लाभही करून घेता येतो. एका सर्व्हरवर ७ व १२ वाजता आणि दुसऱ्यावर १० व ३ वाजता चित्र घेतले, तर दिवसातून दोनऐवजी चार वेळांचा पूर्वेतिहास हाती राहतो, व कोणत्याही एका सर्व्हरवर अधिक भार पडत नाही.

दिवसभर उघडी असलेली फाईल रेप्लिकेशनमध्ये जात नाही; ती बंद झाल्यावर जाते. एखादा कर्मचारी सकाळी तक्ता उघडून सायंकाळपर्यंत तसाच ठेवीत असेल, तर दुपारी दुसऱ्या सर्व्हरवर कालचाच तक्ता असतो. पहिल्या सर्व्हरवरील दुपारच्या चित्रात मात्र तोवर जतन केलेला मजकूर सापडतो. तसेच, ज्यांच्या नावाचा आरंभ लाटेसारख्या चिन्हाने होतो, किंवा ज्यांच्या नावाचा शेवट टीएमपी अथवा बीएके या अक्षरांनी होतो, अशा फाईली डीएफएस रेप्लिकेशन मूळ नियमानुसार वगळते. त्या तात्पुरत्या समजल्या जातात. काही माणसे महत्त्वाच्या फाईलीची राखीव प्रत म्हणून बीएके हे शेपूट लावून ठेवतात. ती प्रत दुसऱ्या सर्व्हरवर कधीच पोचलेली नसते! स्नॅपशॉटमध्ये ती असते, कारण स्नॅपशॉट संपूर्ण व्हॉल्यूमचा असतो व त्यास अशी निवड ठाऊक नाही.

हरवलेली फाईल परत आणावयाची झाल्यास ती चित्रातून थेट जुन्या जागी न टाकता प्रथम वेगळ्या फोल्डरात उतरवून घ्यावी, उघडून पाहावी आणि मगच योग्य ठिकाणी ठेवावी. परत आणलेली फाईल रेप्लिकेशनच्या दृष्टीने एक नवा बदलच असतो व तो लगेच सर्व सर्व्हरांस पोचतो. घाईने संपूर्ण फोल्डर सोमवारच्या स्थितीस नेले, तर मंगळवारचे व बुधवारचे इतरांचे काम सर्व ठिकाणी एकदमच पुसले जाईल.

एक फाईल परत आणणे निराळे आणि अख्खा व्हॉल्यूम, किंवा आभासी यंत्रावर चालणारा संपूर्ण सर्व्हर, स्नॅपशॉटच्या आधारे मागे नेणे निराळे. दुसरी गोष्ट रेप्लिकेशन चालू असलेल्या सर्व्हरवर करू नये. प्रत्येक सर्व्हर आपल्या बदलांना चढते क्रमांक देतो, आणि सोबत्याचे कोणत्या क्रमांकापर्यंतचे बदल आपणास पोचले हे दुसरा सर्व्हर लक्षात ठेवतो; टपालाच्या आवक-जावक नोंदवहीसारखीच ही पद्धत आहे. समजा, जावक क्रमांक ९०० पर्यंत गेला असताना एका सर्व्हरला ८०० या स्थितीस मागे नेले. तो आता नव्या बदलांस ८०१ पासून क्रमांक देऊ लागेल. सोबत्याच्या वहीत ९०० पर्यंतचे सर्व आधीच जमा आहे; म्हणून हे नवे बदल तो घेणारच नाही, आणि ‘सर्व ठीक’ असेही दर्शवील. दोन्ही सर्व्हर वरकरणी सुरळीत आणि आतून वेगळे, अशी स्थिती महिनोन् महिने चालू शकते. वापरकर्त्यांची नावे व परवाने सांभाळणाऱ्या डोमेन कंट्रोलर नामक सर्व्हरांवर हा दोष इतका उपद्रवी ठरला की, विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये आभासी यंत्र मागे नेले गेल्याचे ओळखणारी एक खूण मुद्दाम घालण्यात आली. सामायिक फाईलींच्या फोल्डरांना या खुणेचे संरक्षण मिळत नाही. अशा वेळी मागे गेलेल्या सर्व्हरची रेप्लिकेशनची नोंद रद्द करून तो जणू नव्याने आला आहे असे मानून सोबत्याकडून सर्व फाईली जुळवून घेणे, हाच मार्ग उरतो.

डेटाबेसची गोष्ट वेगळी. लेखा किंवा भूमिअभिलेख यांचे प्रोग्राम ज्या डेटाबेसवर चालतात, त्याच्या फाईली सदैव उघड्या असतात. त्या फाईल-रेप्लिकेशनमध्ये घालू नयेत. त्यासाठी डेटाबेसची स्वतःची रेप्लिकेशन-पद्धत असते. स्नॅपशॉट घेताना मात्र विंडोजमधील शॅडो कॉपी सेवा डेटाबेसला क्षणभर थांबण्याची सूचना देऊ शकते. हे थांबणे जास्तीत जास्त ६० सेकंदांचे, व डिस्कवरील लेखन रोखून धरणे १० सेकंदांहून कमी, अशी मर्यादा आहे.

३१ जानेवारी २०१७ ची घटना

रेप्लिकेशन असूनही माहिती कशी जाते व स्नॅपशॉट कसा वाचवितो, याचे एक उदाहरण सर्वांसमोर आहे. गिटलॅब ही संगणक-प्रोग्राम लिहिणाऱ्यांची कामे सांभाळणारी कंपनी. तिने आपल्या अपघाताचा सविस्तर वृत्तान्त स्वतःच प्रसिद्ध केला. अशी मोकळीक विरळा. तेथे फाईलींचे नव्हे तर डेटाबेसचे रेप्लिकेशन होते, पण धडा तोच आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी दुय्यम सर्व्हर मुख्य सर्व्हरच्या मागे पडला. दुय्यमावरील माहिती पुसून ती नव्याने भरून घ्यावी, असे एका अभियंत्याने ठरविले आणि पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. चूक एक-दोन सेकंदांत ध्यानात आली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट शिल्लक होते.

रोजचा बॅकअप शोधला, तो नव्हता. बॅकअप घेणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा असल्याने तो कित्येक दिवस अयशस्वी होत होता, आणि अपयशाची सूचना देणारी ई-पत्रे वाटेतच नाकारली जात होती. अखेर उपयोगी पडला तो एक स्नॅपशॉट. त्याच अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी, चाचणी-यंत्रावर माहिती नेण्याकरिता, सुमारे सहा तासांपूर्वी तो हाताने घेतला होता. त्यावरून माहिती परत आणण्यास सुमारे १८ तास लागले. मधल्या सहा तासांतील सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय व ७०० नव्या वापरकर्त्यांच्या नोंदी मात्र गेल्या. ठरलेल्या वेळचाच स्नॅपशॉट हाती असता, तर नुकसान चोवीस तासांचे झाले असते.

तिसरी प्रत

या दोन्ही उपायांवरही मात करणारी एक आपत्ती आहे. मे २०१७ मध्ये पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम फाईली कुलूपबंद करण्याबरोबरच यंत्रावरील सर्व शॅडो कॉप्या पुसण्याची आज्ञा देत असे. अशा फाईली रेप्लिकेशनने दुसऱ्या सर्व्हरवर जाणारच. लगेच पुढच्या महिन्यात नॉटपेट्याचा हल्ला झाला. मर्स्क या जहाज कंपनीचे डोमेन कंट्रोलर परस्परांच्या प्रती सांभाळीत होते; एक गेला तर दुसरा आहे, या भरवशावर सर्वांची मिळून वेगळी प्रत ठेवलेली नव्हती. ते सर्व एकाच वेळी गेले. घानामधील एक तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती. वीज जाण्याचा असा उपकार क्वचितच कोणावर झाला असेल.

त्यापूर्वी जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या खात्यात शिरलेल्या हल्लेखोराने माहिती, स्नॅपशॉट व बॅकअप सर्वच पुसले, कारण सर्व एकाच खात्याच्या किल्लीखाली होते. ती कंपनी बंद पडली. म्हणून तिसरी प्रत अशी हवी की, जिला सर्व्हरचा पासवर्ड जाणणाऱ्यासही सर्व्हरवरून हात लावता येऊ नये. काम झाल्यावर काढून कपाटात ठेवलेली बाह्य डिस्क किंवा टेप ही लहान कचेरीस परवडणारी सोय आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक अन्यत्र, हे सूत्र जगभर सांगितले जाते. दोन सर्व्हर म्हणजे दोन प्रती झाल्या. तिसरी या डिस्कवरची. ही तिसरी प्रत घेतानाही स्नॅपशॉटचा उपयोग होतो. चालत्या फाईलींवरून प्रत घेण्याऐवजी स्थिर चित्रावरून घेतली, तर दोन तास चालणाऱ्या कामात आरंभीची फाईल ९ ची व शेवटची ११ ची, असा विसंवाद राहत नाही.

मोठ्या यंत्रणांत ही दोन तत्त्वे एकमेकांत मिसळलेली दिसतात. २००५ मध्ये खुली झालेली झेडएफएस ही फाईल-व्यवस्था दोन स्नॅपशॉटमधील फरक काढून तोच दुसऱ्या यंत्रास पाठविते. त्यामुळे फाईलींबरोबर पूर्वेतिहासही दुसरीकडे पोचतो. बदल क्षणोक्षणी न जाता ठरलेल्या अंतराने जातात, ही त्यातील तडजोड होय.

ज्या कचेरीत संगणक-विभाग नाही, तेथे महिन्यातून एक दिवस ठरवून तीन कामे करता येतील. दोन्ही सर्व्हरांवर तीच फाईल उघडून तिची तारीख व आकार ताडून पाहावा. प्रत्येक सर्व्हरवर सर्वांत जुने चित्र कोणत्या तारखेचे आहे, हे वहीत लिहावे. ती तारीख मागील महिन्यापेक्षा अचानक अलीकडे सरकली असेल, तर जागा कमी पडत आहे किंवा फाईली अनपेक्षितपणे बदलत आहेत असे समजावे. तिसरे काम म्हणजे कपाटातील डिस्कवरून एखादी फाईल दुसऱ्याच संगणकावर उतरवून ती उघडते का, हे पाहणे. वहीतील नोंदीवर फाईल उघडणाऱ्याची सही असावी, बॅकअप घेणाऱ्याची नव्हे.